दुबई-शारजाला वडिलांकडे राहायला जाणाऱ्या घरांसाठीही लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांच्या दिवसात आपल्या पेपरात दुबईवर अख्खं एक पान आलं होतं, बुर्ज खलिफाचं तिकीट कधी काढावं, डेझर्ट सफारी कोणती घ्यावी, सोन्याच्या बाजारात काय भाव चालतो वगैरे. फोटो छान होते, लिहिलंही चांगलं होतं, पण आमच्या यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून जी माणसं तिकडे जातात ती फिरायला जात नाहीत साहेब, कामाला जातात. शटरिंग, वेल्डिंग, गाडी चालवणं, एसी दुरुस्ती. आणि मागे राहिलेल्या बायका-पोरांपैकी कोणी कधी गेलंच तर ते नवऱ्याकडे किंवा बापाकडे राहायला जातात, हल्ली एखाद्या घरातून नर्स असलेल्या आईकडे पण. यांच्यासाठी कोणीच काही लिहीत नाही. मी, आई आणि माझा लहान भाऊ नुकतेच बाबांकडे शारजाला राहून आलो, म्हणून मला वाटलं की आपल्याला सविस्तर कळवावं, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मी दुसरीत होते तेव्हापासून बाबा तिकडेच आहेत. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर येतात, ते पण पेरणी किंवा कुणाचं लग्न पाहून. ते सुट्टीवर येतात तेव्हा पाहुण्यासारखंच असतं सगळं, घर भरलेलं, रोज कुणी ना कुणी भेटायला, आणि घरच्यांशी नीट बोलणं होईपर्यंत परत जायचा दिवस येतो. आपण जाऊन त्यांच्या जागेत राहिलो तर ते काय असतात ते कळतं, पैसे कसे येतात ते कळतं. माझं तर म्हणणं असं आहे की ज्यांना जमण्यासारखं आहे त्यांनी कर्ज न काढता एकदा तरी जावंच, आणि फिरायला म्हणून न जाता राहायला म्हणून जावं, म्हणजे त्यांचा दिवस जसा चालतो तसाच चालू द्यायचा आणि त्यात आपण बसायचं.

आधी कागदाचं सांगते कारण आमच्याकडे लोक इथेच अडकतात आणि इथेच लुटले जातात. २०१७ पासून पोस्टात पासपोर्टची केंद्रं सुरू झाली त्यामुळे नागपूरच्या चकरा कमी झाल्या ही खरंच चांगली गोष्ट आहे, मोठ्या माणसाच्या साध्या पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये आहे, ती ऑनलाइन भरायची, बाकी कोणाला काही द्यायचं नाही. आमच्या आईच्या आधारवर आडनावच नव्हतं. गावातल्या किती तरी बायकांचं तसंच आहे, नुसतं नाव, फार तर पुढे बाई. आणि यूएईने, म्हणजे दुबई-शारजा ज्या देशात येतात त्याने, नोव्हेंबर २०२२ मधे नियम केला की पासपोर्टवर एकच नाव असलेल्याला टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर घेणार नाही, मग खुलासा आला की पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असलं तर चालतं. बाबांनी हे तिकडून आधीच सांगितलं म्हणून आम्ही आधी आधार दुरुस्त केलं, मग पासपोर्टला लागलो. ज्याला सांगणारं कोणी नसेल त्याचं तिकीट वाया गेलं की मग कळणार.

दुसरं म्हणजे एमिग्रेशन चेकचा शिक्का, म्हणजे कामासाठी देश सोडायच्या आधी सरकारचा क्लिअरन्स लागेल अशी खूण, त्यालाच ईसीआर म्हणतात. आई सातवी शिकलेली, दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर येतं, आणि आमच्याकडच्या एका एजंटने त्याच्यावर बोट ठेवून सांगितलं की बाईंना क्लिअरन्स काढावा लागेल, त्याचे वेगळे पैसे पडतील. साहेब, तो क्लिअरन्स कामाला जाणाऱ्यांसाठी असतो. नवऱ्याला भेटायला टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्या बाईला तो लागत नाही. आम्ही पैसे दिले नाहीत आणि आईला नागपूरच्या एअरपोर्टवर कोणी अडवलं पण नाही. पण किती बायकांकडून घेतले असतील याचा विचार करून मला आजही राग येतो. परतीचं तिकीट, जिथे राहणार त्या जागेचा कागद, बाबांच्या एमिरेट्स आयडीची, म्हणजे तिकडच्या ओळखपत्राची कॉपी हे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको, विचारतात. आणि व्हिसाची तारीख संपल्यावर एक दिवस जास्त राहिलं तरी रोजचा ५० दिरहम दंड आहे, एक दिरहम म्हणजे वीस रुपयांच्या वरच पकडा, घरातल्या तिघांचा हिशोब करा.

सामानाचं तर आपल्या पेपरात मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे की खसखस नेऊ नका. आपल्याकडे खसखस मसाल्यात, अनारशावर, लाडवात सगळीकडे असते, सावजी मसाला तर त्याच्याशिवाय होतच नाही, आणि तिकडे ती अफूच्या झाडाची म्हणून अंमली पदार्थात धरतात, विमानतळावरच अटक होऊ शकते. आई बाबांसाठी वर्षाचा काळा मसाला कुटून राहिली होती, बाबांचा फोन आला, "खसखस घातली काय? घातली असन तर तो मसाला तिथंच ठेव." त्यांनी दोनदा विचारलं. आईने ती घालायच्या आधीच फोन आला म्हणून मसाला सोबत नेता आला. खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधं, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली, तीही तशीच, डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे आणि त्यातल्या काहींना तिकडच्या सरकारची आधी ऑनलाइन परवानगी पाहिजे. आणि गावातलं कोणी "माह्या पोराले एवढं देजो" म्हणून बांधलेलं पार्सल आणून दिलं तर ते त्यांच्यासमोर उघडून बघा, उघडू देत नसतील तर नेऊ नका, नातं कितीही जवळचं असो. याच्यावरून आमच्याशी एक घर बोलेनासं झालं, होऊ द्या.

आता राहण्याचं. बाबा राहतात कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत सहा जण, तिथे बायका-पोरांना जागा नसते आणि परवानगी पण नसते. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका मल्याळी माणसाची बायको बाळंतपणाला केरळला गेली होती, त्याने शारजातल्या रोला भागाजवळचं आपलं एक खोलीचं घर आम्हाला राहायला दिलं आणि स्वतः बाबांच्या बेडवर कॅम्पात गेला. पराया माणूस साहेब, भाडं पण त्याने अर्धंच घेतलं. तिकडे पार्टिशन म्हणून एक प्रकार चालतो, एका खोलीत प्लायवूड ठोकून तीन घरं, ते बेकायदेशीर आहे, धाड पडते, बायका-पोरं घेऊन अशा जागेत जाऊ नका, स्वस्त मिळालं तरी.

आम्हाला वाटायचं आपण विदर्भातले, सेहेचाळीस-सत्तेचाळीस बघितलेले, आपल्याला तिथली गरमी काय करणार. तसं नाही. आपली गरमी कोरडी, सावलीत बसलं, दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला, कूलरपुढे बसलं की निभतं. तिकडे समुद्राची दमट हवा, घाम येतो तो अंगावरच राहतो, सुकतच नाही, कूलरचा तिथे काही उपयोग नाही. संध्याकाळी सात वाजता खाली उतरलं की माझ्या चष्म्यावर वाफ. आणि घरात चोवीस तास एसी. आईचे गुडघे दुसऱ्याच दिवशी धरले, तिला एसीत झोप येईना आणि बाबांना एसीशिवाय येईना, मग ती दुपारी जिन्यात पायरीवर जाऊन बसायची, तिथे ऊब असायची म्हणून. आंघोळीचं तर आणखीनच वेगळं. टाकी गच्चीवर, नळ सोडला की चटका बसेल असं पाणी. बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं की गिझर बंद ठेवायचा, त्याच्यातलं पाणी घरातल्या गारव्यात थंड होत राहतं, सकाळी तेच थंड म्हणून वापरायचं आणि गरमसाठी साधा नळ. म्हणजे सगळंच उलटं. रात्रभर बादली भरून ठेवायची सवय आईने दोन दिवसात लावून घेतली आणि मग ती निश्चिंत झाली.

पण खरी अडचण याच्यात नव्हती. खरी अडचण आम्ही चौघं एका खोलीत राहण्यात होती.

बाबा पहाटे चारला उठायचे, पाचच्या आत कंपनीची बस रस्त्यावर उभी. संध्याकाळी यायचे तेव्हा बोलायची ताकद नसायची. आईने पहिल्या दिवशी ज्वारीच्या भाकरी, आंबाडीची वाळवलेली भाजी, ठेचा सगळं केलं, पीठ तिकडे दुकानात मिळतं पण आईने घरचंच नेलं होतं, आणि बाबांनी ताट घेतलं आणि ओट्याजवळ उभ्यानेच जेवायला लागले. आई म्हणाली, "काहून उभे? बसा ना." तर म्हणाले, "सवय झाली." जेवले, लगेच ताट घासलं, पुसून ठेवलं, अंथरूण घातलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नऊ पण वाजले नव्हते. त्यांच्या चहाच्या मगाच्या कानाला लाल दोरा बांधलेला, कॅम्पात सगळ्यांचे मग सारखे असतात म्हणून. भावाने सकाळी त्या मगात दूध घेतलं तर बाबांनी काही न बोलता तो त्याच्या हातून घेतला, विसळला आणि आपल्या पिशवीत ठेवला. भाऊ दिवसभर रुसून. त्याला वाटलं बाबांना आम्ही आलेलो आवडलं नाही.

तसं नव्हतं. एवढी वर्षं ज्या माणसाने आपलं साबण, आपलं ताट, आपली चप्पल पाच जणांपासून सांभाळत काढली, त्याला आपल्याच घरच्यांसोबत राहायचं पण नव्याने जमवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. आम्हाला पण लागला. आम्ही काय केलं तर त्यांना काही बदलायला सांगितलं नाही. ते आले की आधी अर्धा तास कोणी काही विचारायचं नाही, टीव्ही नाही, घरच्या कटकटी नाही, कापसाचा भाव नाही. आई पण त्यांच्यासोबत ओट्याजवळ उभी राहूनच जेवायला लागली, मग एक दिवस तेच म्हणाले की खाली बसू. हे मला विशेष करून लिहावंसं वाटतं कारण आमच्यासारखी पोरं पहिल्याच आठवड्यात म्हणतात की बाबांना आमचं काही पडलेलं नाही, आणि आयांना पण तसंच वाटतं. पहिल्या आठवड्यावरून काहीच ठरवू नका. आणि सुट्टीच्या एका दिवशी त्यांना मॉलमधे फिरवू नका, आठवड्यात एक दिवस झोप मिळते त्या माणसाला. बाबा तर बुर्ज खलिफाला नेतो म्हणून मागेच लागले होते, पोरांना दाखवलं नाही तर गावात काय सांगतील म्हणून, आम्हीच नाही म्हटलं. त्याच्याऐवजी दुपारनंतर बसने दुबईला गेलो, बर दुबईहून देराला खाडी ओलांडायची लाकडी होडी आहे, अब्रा म्हणतात, माणशी एक दिरहम. त्या होडीत बाबा खूप बोलले, मी एवढं बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं, बहुतेक सगळं त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल.

दिवसभर आम्ही आमचं आम्ही निभावलं. समोरच्या घरात हैदराबादच्या एक खाला होत्या, त्यांची दखनी आणि आमच्या आईची यवतमाळी हिंदी, दोघींचं इतकं जमलं की किराणा कुठे, मासे कुठे, मेडिकल कुठे हे सगळं आईला बाबांना विचारावंच लागलं नाही. त्यांनीच सांगितलं की बाल्कनीत कपडे वाळू घालू नका, दंड होतो. रस्ता मधूनच ओलांडायचा नाही, त्याचा तर ४०० दिरहम. दुबईच्या मेट्रोत पाणी पण प्यायचं नाही, १००. भावाला सांगून ठेवलं की लोकांचे व्हिडिओ काढून रील बनवायच्या नाहीत, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढणं तिकडे गुन्हा आहे. व्हॉट्सअपवर मेसेज जातो पण कॉल लागत नाही, आम्ही घरी आजीच्या फोनमधे बोटिम हे तिकडे चालणारं कॉलचं अॅप टाकूनच निघालो होतो म्हणून तिच्याशी रोज बोलणं झालं, जाणाऱ्यांनी हे नक्की करून जा, नाहीतर म्हाताऱ्या माणसांचा जीव टांगणीला लागतो.

एक गोष्ट आम्ही केली ती प्रत्येक घराने करावी असं मला कळकळीने वाटतं. एका संध्याकाळी बाबांची कागदाची पिशवी उघडून बसलो. कामाचा करारनामा, पासपोर्टची कॉपी, एमिरेट्स आयडी, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी. ईसीआरवर कामाला जाणाऱ्यांना ती काढावीच लागते, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये, दोन वर्षांचा हप्ता २७५ आणि तीन वर्षांचा ३७५, म्हणजे फार काही नाही. बाबांची केव्हाच संपली होती. नूतनीकरण ऑनलाइन होतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हाला तर अशी पॉलिसी असते हेच माहीत नव्हतं. उद्या काही झालं असतं तर आम्ही कुठे विचारायला गेलो असतो? मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम. तिकडच्या कायद्याने पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा पगार आणि पुढच्या वर्षांना ३० दिवसांचा, पण तो बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर, हातात येणाऱ्या पूर्ण पगारावर नाही. बाबांचा बेसिक हातातल्या पगारापेक्षा बराच कमी निघाला. आई आजवर वेगळा हिशोब धरून बसली होती, बहिणीच्या लग्नाचा पण त्याच्यावर. वाईट वाटलं, पण आता कळलं ते बरं झालं.

आणि एक्सचेंजची रांग. पगाराच्या आठवड्यात रोलाला पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रात्री किती माणसं उभी असतात ते जाऊन पाहा. मी बाबांसोबत गेले होते. पुढे बंगाली, मागे नेपाळी, सगळे ड्यूटीच्या कपड्यांवरच, बुटाला सिमेंट. बाबांचा नंबर आला तेव्हा त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, त्याच्यावर आईचा खाते नंबर त्यांच्याच अक्षरात, घडीवर अक्षरं पुसली होती म्हणून वरून पुन्हा गिरवलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली की तुमचं नाव टाकलं की नंबर येतो आपोआप, तरी त्यांनी तो पूर्ण वाचून ताडून पाहिला. त्याच्यानंतर भावाने फोन मागायचं सोडलं. खरंच सोडलं. १५ जूनपासून तिकडे दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा सरकारी नियम लागू होतो, १५ सप्टेंबरपर्यंत, आम्ही निघायच्या बेतात असताना तो सुरू झाला, तर बाबा म्हणाले आता बरे दिवस आले. त्याच्या आधीच्या दुपारी ते काय करतात ते मी विचारलं नाही.

परत येताना सोनं आणायला सांगणाऱ्यांना पण एक सांगायचं आहे, ड्यूटी-फ्री सोन्याची सवलत परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांना आहे, महिनाभर राहून येणाऱ्यांना नाही. तेव्हा आमच्यावर कोणी रुसू नये.

तर साहेब, माझी विनंती दोन ठिकाणी आहे. एक आपल्याला, की दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांच्या आधी, मार्चमधे म्हणा, एक पान या घरांसाठी काढा, नावाचा नियम, खसखस आणि औषधं, ईसीआरचा खरा अर्थ, विमा, ग्रॅच्युइटी, आणि तिकडे राहून आलेल्या बायकांना बोलतं करा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नियम बदलत राहतात म्हणून ते दरवर्षी तपासून छापा. दुसरी विनंती पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांना, की तिथे भिंतीवर हीच माहिती साध्या मराठीत लावा, कारण पासपोर्ट काढायला आमच्याकडची बरीच माणसं तिथेच येतात आणि अर्धा दिवस बसावं पण लागतं. आमच्या बाजूच्या गावातली एक बाई दोन लेकरं घेऊन या दिवाळीत मस्कतला नवऱ्याकडे चालली आहे, तिला मी जे माहीत आहे ते लिहून दिलं, पण ओमानचे नियम वेगळे असणार, त्याच्यावर आपल्याकडून काही आलं तर तिच्या जाण्याआधी यावं.

आपली वाचक,
एक मुलगी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ